दोन लाख क्लिक म्हणजे साडेपाच तास

कॅननचा सेव्हन-डी मार्क टू हा कॅमेरा २०१४ साली आला. सेकंदाला १० फोटो काढतो, आणि त्याचं शटर २ लाख उघडझापींसाठी तपासलेलं आहे. भागाकार करून पाहा: २०,००० सेकंद, म्हणजे ५ तास ३३ मिनिटं. सकाळी ९ वाजता बटण दाबून धरलं (कार्ड आणि बॅटरी दमणार नाहीत असं धरून) तर दुपारी अडीचलाच शटरचं कागदावरचं आयुष्य संपलं. आता हाच आकडा फिल्मच्या रोलच्या हिशोबात मांडा. ३६ फोटोंचा एक रोल धरला तर साडेपाच हजार रोल होतात. वर्षाला १० रोल मारणाऱ्या हौशी माणसाला ते साडेपाचशे वर्षं पुरतील.

म्हणून सेकंडहँड कॅमेरा घेताना आपण पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न, 'काउंट किती झालाय?' (म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं), अर्धाच असतो. उरलेला अर्धा स्वतःला विचारायचा: मी वर्षाला किती फोटो काढतो?

निकॉन डी-७५० घेऊ. याच्या शटरची चाचणी दीड लाखांची. समजा दोन बॉडी विकायला आहेत (किमती हिशोबापुरत्या धरल्या आहेत). पहिलीचा काउंट २०,००० आणि किंमत ४५,००० रुपये. दुसरी लग्नाच्या फोटोग्राफरकडची, काउंट १,२०,०००, किंमत ३२,०००. पहिलीत १,३०,००० क्लिक शिल्लक, म्हणजे क्लिकमागे साधारण ३५ पैसे. दुसरीत ३०,००० शिल्लक, क्लिकमागे १ रुपया ७ पैसे. पहिली तिप्पट स्वस्त, असं वाटतं.

पण शटर बदलता येतं. त्याला १५,००० लागतील असं धरा. मग दुसऱ्या बॉडीवर एकूण खर्च ४७,००० आणि हातात १,८०,००० क्लिक. क्लिकमागे २६ पैसे. डाव उलटला. शिवाय ते १५,००० आज द्यायचे नाहीत. वर्षाला ६,००० फोटो काढणाऱ्याला दुसऱ्या बॉडीतले उरलेले क्लिकच पाच वर्षं पुरतात, तोवर वाचलेले १३,००० खिशात. हेच गणित लग्नं करणाऱ्याला मात्र चालत नाही. एका लग्नाला अडीच हजार फोटो धरले तर ३०,००० क्लिक बारा लग्नांत संपतील, आणि शटर जाईल ते नेमकं मंगलाष्टकं चालू असताना. त्याने पहिलीच घ्यावी, आणि जोडीला आणखी एक कॅमेरा गळ्यात ठेवावा.

दीड लाख ही हमी नव्हे. काही शटर त्याआधी जातात, काही त्याच्या कितीतरी पुढे चालतात. त्यातही काउंटपेक्षा मॉडेलचा इतिहास जास्त बोलतो. निकॉन डी-६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला, त्याचीही चाचणी दीड लाखांचीच. पण नव्याकोऱ्या कॅमेऱ्यांतही सेन्सरवर तेलाचे आणि धुळीचे ठिपके दिसू लागले. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, नवं शटर घालून डी-६१० आला, आणि २०१४ मध्ये कंपनीने डी-६००चं शटर मोफत बदलून देण्याची तयारी दाखवली. डी-७५०च्या काही तुकड्यांवरही पुढे शटरसाठी मोफत दुरुस्ती जाहीर झाली. अशा बॉडीचा सिरियल नंबर काउंटच्या आधी विचारावा.

काउंटही डोळे झाकून मानायचा आकडा नाही. तो शटरमध्ये नसतो, कॅमेऱ्याच्या सर्किट बोर्डात साठवलेला असतो. शटर नवं बसवलं तरी जुना आकडा राहू शकतो, बोर्ड बदलला तर शून्यापासून सुरू होऊ शकतो. निकॉनच्या मूळ फोटो-फाइलमध्ये तो सहसा लिहिलेला सापडतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत सापडत नाही, तिथे कॅमेरा केबलने जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो.

दुरुस्तीचा खर्च सुट्या भागापेक्षा हातकामाचा जास्त वाटतो, त्याचं कारण बॉडी उघडल्यावर कळतं. शटर सेन्सर आणि आरशाच्या मध्ये बसलेलं असतं, तिथवर पोचायला जवळजवळ सगळा कॅमेरा सुटा करावा लागतो आणि जोडल्यावर फोकस पुन्हा जुळवावा लागतो. आत दोन पडदे, पातळ पात्यांचे. १/८००० सेकंदाला पहिला पडदा पुरता उघडायच्या आतच दुसरा मागून निघतो, आणि २४ मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवरून एक मिलिमीटरच्या आसपासची फट पळत जाते. पडदे जरा मागेपुढे झाले की फोटोच्या वरच्या किंवा खालच्या कडेला काळपट पट्टा येतो. कॅननवर 'एरर ३०' दिसला तर तो शटरचाच.

असा पट्टा येतो का, ही तपासणी मुंबईच्या बोरा बाजारातल्या दुकानात उभ्याउभ्या होते, फक्त ट्यूबलाइटखाली करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभरदा मंदावते, आणि चांगल्या शटरच्या फोटोतही पट्टे दिसतात. उगाच सौदा मोडेल. आपलं कार्ड घालून बाहेर उन्हात या, एकसारख्या पांढऱ्या भिंतीचे १/१०००, १/४००० आणि १/८००० ला (कॅमेऱ्यात असेल तर) चार-चार फोटो काढा आणि कार्ड घरी आणा. पैसे फाइल उघडून पाहिल्यावर द्या.