ग्राममार्ग

16 एप्रिल 1853 या दिवशीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. लोहमार्ग ज्या गांवास लागला त्याचा व्यापार वाढला, तेथें शाळा निघाल्या. ज्यास टाळून गेला तें मागें राहिलें. आज तशीच दुसरी एक वाट जगभर पसरत आहे. तिचें नांव इंटरनेट. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें ती बहुतेकांच्या दाराशीं आलेली असल्यामुळें ती नसणें म्हणजे काय हें आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं.

आमच्या ध्यानांत तें 2020 सालीं आलें. मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या आणि आम्ही मोबाइलच्या पडद्यावरून शिकवूं लागलों. शहापूर तालुक्यांतील आपल्या पाड्यावर परतलेला एक विद्यार्थी वर्गास येईना. त्याच्या नांवापुढें आम्ही रोज गैरहजेरीची खूण करीत असूं. पुढें त्याची वही आमच्या हातीं आली. तींत जवळजवळ सर्व धडे उतरलेले होते. संध्याकाळीं टेकडी चढून, जेथें लहरी मिळत तेथें बसून, शेजाऱ्याच्या मोबाइलवर आलेले धडे तो लिहून घेत असे. ती वही पाहून आम्हांस आमच्या हजेरीपटाची लाज वाटली.

असें कां व्हावें? शहरांत एका इमारतींत पन्नास कुटुंबें राहतात; एक तार आणली कीं तिचा खर्च सर्वांत वांटला जातो. डोंगरी भागांत दहा-पंधरा घरांचे पाडे दूरदूर विखुरलेले. तेथें तार नेण्याचा खर्च भरून निघत नाहीं, म्हणून व्यापारी तिकडे वळत नाहींत. सरकारनें 2011 मध्यें सुमारें अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंच्या तारेनें जोडण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. परंतु पंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेली तार पाड्यापर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याच भागांत शोधलें गेलें. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनीं पालघरजवळच्या खामलोली व आसपासच्या सात गांवांत ‘ग्राम मार्ग’ नांवाचा प्रयोग केला. त्याचा आरंभ झाला तेव्हां पालघर ठाणें जिल्ह्यांतच होतें. तो जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजीं वेगळा झाला. प्रयोगाची युक्ति अशी. दूरदर्शनसाठीं राखून ठेवलेल्या लहरींपैकीं पुष्कळशा आपल्या देशांत रिकाम्या पडून होत्या. त्या लहरींची लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास असते, तर घरगुती वाय-फायची सुमारें बारा सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी. तळ्यांतील मोठी लाट खुंटास वळसा घालून पुढें जाते, बारीक तरंग तेथेंच मोडतो. त्याचप्रमाणें लांब लहर झाडींतून अधिक दूर पोहोंचते. अशा लहरींनीं गांवापर्यंत जोडणी आणावयाची आणि गांवांत वाय-फायनें ती वांटावयाची. पुढें हें काम पंचवीस गांवांपर्यंत वाढलें. तेथें परवाना न लागणाऱ्या दुसऱ्या लहरी वापरल्या गेल्या.

तथापि यंत्र उभें करणें त्यामानानें सोपें. तें चालू ठेवणें कठीण. वादळांत खांब कलला, वीज गेली, तर शहरांतून माणूस येईपर्यंत गांवानें वाट पाहावयाची काय? म्हणून डॉ. सर्बानी बॅनर्जी बेलूर आदि कार्यकर्त्यांनीं पंचायतीस भागीदार करण्याची योजना मांडली. पंचायतीनें भांडवल घालावें, गांवांतील तरुणानें देखभाल करावी व वर्गणी गोळा करावी, आणि बाहेरची जोडणी कंपनीनें किंवा सरकारनें पुरवावी. या योजनेस 2017 मध्यें मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत तर 2011 पासून ग्रामस्थांनीं भाग घेऊन स्वतःची संस्था काढली आणि आपल्याच शेतांतून चर खणून तारा पुरल्या.

मालकीबरोबर जबाबदारीही येते, हें मात्र विसरतां कामा नये. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था अनेक वर्षें सभासदांच्या मालकीनें वीज पुरवीत होती. परंतु मोठी थकबाकी अंगावर असतांना 2011 मध्यें तिचा परवाना संपला आणि काम महावितरणाकडे गेलें. वर्गणी वेळेवर भरणारे व हिशेब मागणारे सभासद नसतील, तर गांवची वाट गांवाची राहत नाहीं.

आपल्या शाळेंतील कित्येक कुटुंबांचें मूळ गांव मुरबाड, शहापूर, जव्हार किंवा कोंकणांत आहे. पालकांनीं सुटींत तेथें गेल्यावर पंचायतीच्या कचेरींत एवढेंच विचारावें: येथवर तार आली आहे काय, ती चालू आहे काय, आणि शेवटच्या पाड्यापर्यंत ती कोण नेणार? उत्तर समाधानकारक नसेल, तर गांवांत राहणाऱ्या आपल्या आप्तांस तो विषय ग्रामसभेंत काढण्यास सांगावें. विद्यार्थ्यांनीं विज्ञानाच्या तासास लहरींची लांबी काढतांना तो पाडा आठवावा. वह्या उतरविण्यासाठीं टेकडी चढणारीं मुलें अजूनही आहेत, आणि त्यांचीं नांवें कोणत्या ना कोणत्या हजेरीपटावर आहेत.