लहान खोलींतील खर्ज

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांतून आज अशीं पुष्कळ घरें आढळतील, कीं जेथें निजण्याच्या खोलीच्या कोपऱ्यांत एक टेबल, संगणक आणि दोन लहान ध्वनिवर्धक मांडून एखादा तरुण मालिकेचें, जाहिरातीचें अथवा भावगीताचें संगीत जुळवीत बसलेला असतो. या ध्वनिवर्धकांस स्टुडिओ मॉनिटर म्हणतात. ध्वनि गोड करून ऐकविणें हें त्यांचें काम नव्हे. तो जसा असेल तसा ऐकविणें हें होय. परंतु पांच इंची पडद्याचा मॉनिटर सेकंदास ५०-६० कंपनांच्या खालीं फारसा उतरत नाहीं, आणि बास गिटारची सर्वांत जाड तार तर ४१ कंपनांवर बोलते. ही उणीव भरून काढावी म्हणून सबवूफर नांवाची, केवळ खर्जच वाजविणारी पेटी घरांत येते, व बहुधा तेथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

मुलुंडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें असेंच झालें. त्याला आपल्या खोलींत खर्ज अपुरा वाटे, म्हणून त्यानें तो वाढविला. निर्मात्यानें तेंच गाणें मोटारींत लावलें तेव्हां ढोलाच्या घुमण्यांत शब्द बुडून गेले, आणि काम परत आलें. आणखी मोठी पेटी घ्यावी असा त्याचा विचार होता. दोष पेटीचा नव्हता, खुर्चीचा होता.

परातींत पाणी घालून ती एका लयींत पुढें-मागें हलवून पाहावी. पाणी दोन्ही कांठांशीं चढतें-उतरतें, मध्यभागीं मात्र जवळजवळ स्थिर राहतें. खोलींतील हवेच्या दाबाचें असेंच आहे. विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती खर्जाची लाट परत लोटतात. ध्वनि सेकंदास सुमारें ११३० फूट जातो. या मुलाची खोली १२ फूट लांब. जाऊन-येऊन २४ फूट. ११३० ला २४ नें भागिलें असतां ४७ येतात, आणि तितक्या कंपनांचा स्वर त्या खोलींत भिंतींपाशीं फुगतो व मधोमध नाहींसा होतो. खोलीच्या १० फूट रुंदीचा असाच स्वर ५६ चा, ९ फूट उंचीचा ६३ चा. आमचा संगीतकार लांबीच्या बरोबर मध्यावर बसला होता! त्याला जो स्वर ऐकूंच येत नव्हता, तो त्यानें वाढवीत नेला. मागच्या भिंतीस टेकून बसणारा याच्या उलट चूक करितो. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटविण्याची जी चाल आहे, तिचा खर्जावर कांहींएक परिणाम होत नाहीं. त्यास कोपऱ्यांत निदान फूटभर जाडीचें रॉकवूल लागतें.

तेव्हां प्रथम खुर्ची हलवावी. लांबीच्या सुमारें ३८ टक्क्यांवर, म्हणजे येथें समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, बसून पाहावें. मग सबवूफरच खुर्चीवर ठेवावा, खर्जाचे स्वर एकामागून एक वाजवावे, आणि आपण जमिनीलगत कान नेऊन भिंतीच्या कडेनें रांगावें. प्रौढ मनुष्यास हें शोभत नाहीं खरें, पण दार लावून घेतां येतें. जेथें सर्व स्वर सारखे भरीव लागतील तेथें पेटी मांडावी. उगम आणि कान यांनीं जागा बदलल्या तरी दोहोंमधील संबंध तोच राहतो, हा सिद्धांत लॉर्ड रॅले यांच्या १८७७-७८ च्या ‘थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथांत आहे. अगदीं कोपऱ्यांत मात्र पेटी ठेवूं नये. तेथें खोलीचे सगळेच स्वर एकदम जागे होतात.

राहिली जोडणी. ८० कंपनांच्या खालचें काम सबवूफरकडे व वरचें मॉनिटरकडे अशी वांटणी बहुधा चांगली बसते. त्या सीमेवर दोघेहि एकच स्वर वाजवीत असतात. एकाचा पडदा पुढें येत असतां दुसऱ्याचा मागें गेला, तर लाटा एकमेकींस खातात. म्हणून ८० चा स्वर सतत लावून पेटीमागील फेजची कळ दोन्ही बाजूंस फिरवावी, व ज्या बाजूस आवाज मोठा येईल तेथें ती ठेवावी. पेटीचा जोर इतकाच असावा कीं ती आहे हें चालू असतां कळूं नये, बंद केल्यावर कळावें.

शेजाऱ्यांचाहि विचार केला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबेल अशी आहे. पण ज्या मापानें ती मोजतात, तें ५० कंपनांच्या ध्वनीस सुमारें ३० डेसिबेल कमी लेखतें. आंकडा नियमांत बसावा आणि खालच्या मजल्यावरील मनुष्याची झोंप मोडावी, हें सहज घडतें. रबराचे जाड तुकडे पेटीखालीं घातल्यानें फरशींतून जाणारा कंप कांहींसा कमी होतो. हवेंतून जाणारा होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें खालच्या आजीबाईंशीं ठरविलें आहे, कीं रात्रीं नऊनंतर पेटी बंद राहील व खर्जाचें काम सकाळीं त्या देवळांत गेल्यावर होईल. परत आलेलें गाणें त्यानें त्याच पेटीवर, त्या वेळांत, पुन्हां जुळवून दिलें.