सरासरी शेवटी काढावी

काचीगुडा स्टेशनची इमारत १९१६ सालची, निजामाच्या राजवटीतली. इथून सुटणारी मनमाडची जुनी मीटरगेज गाडी निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत जाई, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचा हैदराबादशी संबंध याच रुळांवरून जुळला. रेल्वेच्या वेळापत्रकात किलोमीटरचा एक रकाना असतो, तो नीट पाहण्यासारखा आहे. दोन लगतच्या स्टेशनांमधले अंतर त्यात दिलेले नसते. गाडी सुटते तिथे शून्य, आणि पुढच्या प्रत्येक स्टेशनासमोर आरंभापासूनचे एकूण अंतर. त्यामुळे नांदेड ते जालना किती, याला एक वजाबाकी पुरते. अ‍ॅरेमधल्या कुठल्याही दोन इंडेक्सांमधल्या आकड्यांची सरासरी वारंवार काढायची असेल, तर कोडमध्येही हीच मांडणी हवी, असे माझे ठाम मत आहे. चढत्या बेरजांचा अ‍ॅरे एकदा तयार करावा, दोन टोकांच्या बेरजांची वजाबाकी करावी आणि भागाकार अगदी शेवटी करावा.

भागाकार शेवटी ठेवण्याचे कारण हिशेबाच्या खरेपणाचे आहे. समजा, एका गाडीने ६० किलोमीटर ताशी ६० च्या वेगाने कापले आणि पुढचे ६० किलोमीटर ताशी ३० च्या वेगाने. दोन वेगांची सरासरी ४५ येते, पण गाडीला १२० किलोमीटरला ३ तास लागले, म्हणजे खरा वेग ताशी ४०. टप्प्याटप्प्याच्या सरासऱ्या साठवून पुढे त्यांचीच सरासरी काढणारा कोड हीच चूक करतो, आणि उत्तर पटण्याजोगे दिसत असल्याने ती कुणाच्या लक्षात येत नाही. बेरीज आणि संख्या वेगवेगळ्या साठवल्या तर ही चूक होण्याला जागाच उरत नाही. काही नोंदी गहाळ असतील तर हजर नोंदींच्या संख्येचाही असाच चढता अ‍ॅरे ठेवावा लागतो. तिथे इंडेक्सांच्या फरकाने भागणे चुकीचे.

एकाचा फरक पडण्याची जुनी खोडही या रकान्याने मिटते. पाच टप्प्यांना सहा स्टेशने लागतात. तसाच n आकड्यांचा चढता अ‍ॅरे n+१ घरांचा असतो आणि त्याचे पहिले घर शून्य. सुरुवातीचा इंडेक्स धरायचा, शेवटचा सोडायचा, म्हणजे त्यांचा फरक हीच आकड्यांची संख्या. संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी १९८२ साली मोजणी शून्यापासून का करावी हे लिहिताना याच अर्धखुल्या मर्यादेची बाजू घेतली होती.

संगणक वेगवान आहे, मग साधा लूप का नको, असे विचारले जाते. एकाच प्रश्नाला लूप उत्तमच. पण लाख आकड्यांवर दहा हजार प्रश्न आले आणि प्रत्येक मर्यादा अ‍ॅरेभर पसरली, तर बेरजा शंभर कोटींवर जातात. चढत्या अ‍ॅरेला तयारीच्या एक लाख बेरजा आणि प्रत्येक प्रश्नाला एक वजाबाकी, एक भागाकार. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दशांशातल्या दोन प्रचंड, जवळजवळ सारख्या बेरजा वजा केल्या की शेवटचे अंक हरवतात. म्हणून शक्य तिथे पूर्णांक वापरावेत, किलोमीटरऐवजी मीटर, आणि बेरजेसाठी ६४ बिटांची जागा ठेवावी, कारण ३२ बिटांची चिन्हांकित संख्या २१४७४८३६४७ वर संपते.

खरी अडचण मात्र आकडे बदलत राहतात तेव्हा येते. मधला एक टप्पा लांबला की पुढच्या सगळ्या स्टेशनांचे आकडे बदलावे लागतात. रूळ रोज हलत नाहीत म्हणून रेल्वेला ते परवडते. सतत बदलणाऱ्या नोंदींसाठी पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये मांडलेली झाडासारखी रचना घ्यावी. तिच्यात लाख घरांसाठी एक बदल किंवा आरंभापासूनची एक बेरीज सतराएक पायऱ्यांत होते, आणि सरासरीसाठी अशा दोन बेरजा वजा कराव्या लागतात.