विधेयकाचा नंबर कधी लागतो?

ऑगस्ट २०१३ च्या सुरुवातीला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी पत्रकारांपुढे एक तक्रार मांडली. जादूटोणाविरोधी विधेयक विधिमंडळाच्या सात अधिवेशनांत आले, पण त्यावर चर्चाच झाली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक कुणी फेटाळले नव्हते. त्याचा नंबर लागत नव्हता, एवढेच. २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले.

विधेयक मांडले जाते, त्यावर चर्चा होते, मग मतदान होते, हे शाळेच्या नागरिकशास्त्रात असते. पण ते कोणत्या दिवशी पुकारले जाणार आणि त्याला किती तास मिळणार, हे कोण ठरवते ते तिथे नसते. खरी सत्ता बरीचशी तिथेच असते. सभागृहात बहुमत कुणाकडे आहे, हे निकालाच्या दिवशीच कळून जाते. त्यानंतरची पाच वर्षे चढाओढ चालते ती वेळेसाठी.

संसदेचे अधिवेशन बोलावतात राष्ट्रपती, पण तारखा ठरवते केंद्रीय मंत्रिमंडळाची संसदीय कामकाज समिती. राज्यघटनेच्या ८५ व्या कलमाची अट एकच आहे: दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. वर्षातून किती दिवस बसायचे, याबद्दल घटना काही सांगत नाही. तारखा ठरल्या की सरकार कामांची यादी काढते आणि ती कामकाज सल्लागार समितीपुढे येते.

लोकसभेत ही समिती जुलै १९५२ मध्ये प्रथम स्थापन झाली. तेव्हा अध्यक्षपदी होते गणेश वासुदेव मावळंकर. सरकारने उठसूट वटहुकूम काढू नयेत, कायदे सभागृहातच व्हावेत, असे पंडित नेहरूंना पत्राने कळवणारे अध्यक्ष ते हेच. सल्लागार समितीत अध्यक्षांसह पंधरा सदस्य असतात आणि त्यांत विरोधी पक्षांनाही जागा असते. राज्यसभेच्या समितीत अकरा सदस्य असतात. अमुक विधेयकाला चार तास, तमुक विधेयकाला दोन, अशी वाटणी इथे होते. शक्यतो मतदान न घेता, एकमताने ठरवायचे असा प्रघात आहे. मग समितीचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि सभागृह तो मान्य करते. मिळालेले तास पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात. मोठ्या पक्षाच्या वक्त्याला दहा-पंधरा मिनिटे मिळतात, तर एकट्यादुकट्या खासदाराला दोन-तीन. तो मुद्द्यावर येतो न येतो तोच घंटा वाजते.

दिवसाची चौकट मात्र बरीचशी ठरलेली असते. लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तरे, त्यानंतर शून्य प्रहर, मग विधेयके. राज्यसभेत २०१४ पासून प्रश्नोत्तराचा तास दुपारी बाराला हलवला आहे, कारण सकाळच्या गोंधळात तो वाहून जात असे. महाराष्ट्रात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, पुरवणी मागण्या, अर्धा तास चर्चा असा क्रम चालतो. आपल्याकडचा ‘अंतिम आठवडा प्रस्ताव’ विरोधी पक्षांना फार मोलाचा वाटतो, कारण अधिवेशन संपता संपता सरकारच्या कारभारावर सविस्तर बोलण्याची ती हक्काची जागा असते.

ठरलेली ही चौकट सरकारला मोडताही येते. ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक राज्यसभेत ऐनवेळी पुरवणी कार्यसूचीतून आले आणि त्याच दिवशी मंजूरही झाले. विधेयकाची प्रत सदस्यांच्या हाती काही दिवस आधी पडावी, हा नियम शिथिल करण्याचा अधिकार सभापतींना असतो आणि तो वापरला गेला. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कृषी कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना एका दिवसात संमत झाले. विधेयक कुणाला पटो न पटो, ज्याच्यामुळे कोट्यवधी लोकांचे जगणे बदलणार आहे, त्याला काही तास तरी द्यायला हवेत.

घाईने जे होते, तेच वेळ न देऊनही होते. महिला आरक्षणाचे विधेयक प्रथम आले १९९६ मध्ये. पुढे ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते मंजूर केले. त्यानंतर चार वर्षे लोकसभेत ते चर्चेला घेतलेच गेले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. त्याच्या विरोधात उघडपणे मत देण्याची पाळी तिथे कुणावरही आली नाही. सप्टेंबर २०२३ च्या विशेष अधिवेशनात नवे विधेयक आले, तेव्हा लोकसभेने ते ४५४ विरुद्ध २ मतांनी दुसऱ्या दिवशीच मंजूर केले.

लोकपालाची गोष्टही याच जातीची. २९ डिसेंबर २०११ ला राज्यसभेत रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली. १८७ दुरुस्त्या आल्या होत्या. मध्यरात्रीचे बारा वाजले, अधिवेशनाची ठरलेली मुदत संपली आणि मतदान न होताच सभागृह बेमुदत तहकूब झाले. कायदा व्हायला पुढची दोन वर्षे गेली.

अर्थसंकल्पाच्या बाबतीत तर वेळ संपल्यावर काय करायचे, याचा नियमच लिहिलेला आहे. खात्यांच्या मागण्यांवरील चर्चेच्या शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली, की उरलेल्या सगळ्या मागण्या अध्यक्ष एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. काही खात्यांवर सविस्तर चर्चा व्हावी आणि उरलेल्यांसाठी हा उपाय असावा, अशी कल्पना होती. २०१८ आणि २०२३ मध्ये मात्र लोकसभेत सर्वच खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. २०२३ चा खर्च सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा होता. शेती, शिक्षण, आरोग्य, संरक्षण यांतल्या एकाही खात्याच्या मंत्र्याला त्या पैशांबद्दल सभागृहात उत्तर द्यावे लागले नाही. चर्चेचे हे दिवस गोंधळात गेले, आणि त्याची जबाबदारी दोन्ही बाकांवर येते.

मंत्री नसलेल्या खासदाराच्या वाट्याला काय येते? शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. त्यातही एका आठवड्यात विधेयके, तर पुढच्या आठवड्यात ठराव. शुक्रवारी दुपारी मतदारसंघाकडे निघणाऱ्यांची गर्दी विमानतळावर असते आणि सभागृहात बाके रिकामी होत जातात. स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच खासगी विधेयके कायदे झाली. त्यांतले शेवटचे १९७० मधले. कोकणातून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्ये, गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर भरपूर चर्चा झाली, पण लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच राहिले. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पैंचे निधन झाले. त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती आणली, आणि तिचा गाभा त्यांच्या विधेयकाचाच होता.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात साधारण वर्षभर चालणाऱ्या प्रत्येक सत्रातले वीस दिवस विरोधी पक्षांचे असतात. त्या दिवशी विषय तेच ठरवतात. २०१० पासून मागच्या बाकांवरील सदस्यांच्या समितीलाही काही वेळ मिळतो. आपल्याकडे अशा हक्काच्या दिवसांची फार गरज आहे. तोवर निदान बैठकांची संख्या तरी वाढावी. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसत असे, सतरावी ५५. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी किमान १२० आणि राज्यसभेसाठी १०० दिवसांची शिफारस केली. त्याही आधी, १९५५ मध्ये, लोकसभेच्या एका समितीने वर्षभराचे वेळापत्रकच आखून दिले होते: अर्थसंकल्पी अधिवेशन १ फेब्रुवारीपासून, पावसाळी १५ जुलैपासून आणि हिवाळी अधिवेशन ५ नोव्हेंबर किंवा दिवाळीनंतरचा चौथा दिवस, यांतले जे नंतर येईल तेव्हापासून. सरकारने ते तत्त्वतः मान्य केले, पण अमलात कधीच आणले नाही. आजही अधिवेशनाची तारीख जाहीर होते तेव्हा ते सुरू व्हायला अनेकदा काही आठवडेच उरलेले असतात. राज्यातही नागपूरचे हिवाळी अधिवेशन २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर एवढेच चालले. विदर्भाच्या प्रश्नांसाठी म्हणून ते नागपुरात भरते.