मार्सेलिसच्या धक्क्यावर

आपण ज्याला मार्सेलिस म्हणतो, त्या गावाला तिथले लोक ‘मार्सेय’ म्हणतात, हे मला स्टेशनवर उतरल्यावर कळले. भाषेचा प्राध्यापक असून गेली वीस वर्षे मी वर्गात ते नाव चुकीचे उच्चारीत आलो होतो! सौ. म्हणाली, “अहो, सुरुवात तर झकास झाली. आता आणखी काय काय चुकलंय ते बघू या.” तिच्या जिभेवर तीळ आहे, हे मी विसरलो होतो.

थोरला मुलगा नोकरीनिमित्त पॅरिसला असतो, म्हणून हा योग आला. पॅरिसहून सकाळच्या गाडीत बसलो आणि साडेतीन तासांत भूमध्य समुद्राच्या काठी पोचलो. स्टेशनाच्या दारातूनच एकशे चार पायऱ्यांचा भव्य जिना खाली गावात उतरतो, आणि समोरच्या टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्दचे देऊळ दिसते. त्याच्या शिखरावर मेरीमातेची सोन्याने मढवलेली मूर्ती आहे. गावकरी तिला ‘भली आई’ म्हणतात. आत गेलो तर छताला चिमुकली जहाजे टांगलेली, आणि भिंतीभर आभाराच्या संगमरवरी पाट्या! वादळातून सुखरूप परतलेल्या खलाशांनी फेडलेले हे नवस. सौ.ने नकळत हात जोडले. देव निराळा असला, तरी नवस ओळखीचा होता.

हे फ्रान्समधले सर्वांत जुने शहर. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोसिया गावच्या ग्रीक दर्यावर्दींनी ते वसवले. त्यांचे ‘जुने बंदर’ आजही गावाच्या मधोमध आहे. दोन्ही बाजूंना दोन किल्ले आणि मध्ये शिडाच्या होड्यांची दाटी. उत्तरेकडची जुनी वस्ती १९४३ साली जर्मनांनी सुरुंग लावून उडवली. आजच्या तिथल्या इमारती त्यानंतरच्या.

सकाळी बंदराच्या टोकाशी कोळी ताजी मासळी विकतात. सौ.चे माहेर मालवणचे. फ्रेंचचा एक शब्द येत नसताना तिने कल्ले उचलून पाहिले, नाक मुरडले, बोटांनी भाव केला आणि विकत मात्र काहीच घेतले नाही. दुपारी तिथले प्रसिद्ध ‘बुयाबेस’ घेतले. केशर घातलेला हा माशांचा रस्सा. सोबत लसणाची चटणी लावलेला भाजका पाव. पूर्वी न खपलेल्या मासळीतून कोळी जे शिजवीत, ते आता श्रीमंतांचे पक्वान्न झाले आहे. “बरा आहे,” सौ. म्हणाली, “पण आमसूल नाही.”

संध्याकाळी समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याने हिंडलो. काताला नावाच्या चिमुकल्या चौपाटीवर आजीपासून नातवंडांपर्यंत सारे पाण्यात डुंबत होते. आम्ही मात्र मध्यमवर्गीय मर्यादा सांभाळून घोट्यापर्यंतच गेलो.

दुसऱ्या दिवशी लाँचने शातो दिफ गाठले. सोळाव्या शतकात बांधलेला हा बेटावरचा किल्ला पुढे तुरुंग झाला, आणि ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ने तो जगभर गाजवला. तिथे कादंबरीच्या नायकाची कोठडी दाखवतात. शेजारी आबे फारियाची. पुस्तकातला फारिया इटालियन, पण ते नाव ज्यांचे, ते खरे आबे फारिया आपल्या गोव्याचे! १७५६ साली कांदोळीस जन्मलेले हे पाद्री संमोहनविद्येचे एक आद्य अभ्यासक. पणजीत त्यांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. ते काही काळ याच शहरात शिक्षक होते.

“जो जन्मलाच नाही त्याची कोठडी जपलीय,” सौ. म्हणाली, “मग तुमच्या सावरकरांची जागा कुठंय?”

परतीच्या लाँचमध्ये मुलाने हेगच्या लवादाच्या निवाड्याची छापील प्रत माझ्या हाती दिली. “बाबा, हे वाचा.”

८ जुलै १९१० च्या सकाळी ‘मोरिया’ जहाजाच्या गवाक्षातून सावरकरांनी उडी टाकली, ती दरवर्षी मी वर्गात रंगवून सांगतो. खवळलेला समुद्र, गोळ्यांचा वर्षाव, मैलोगणती पोहणे! एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले होते, “सर, जहाज बंदरात होतं ना? मग मैल कुठून आले?” मी म्हणालो, “तू मोजायला गेला होतास वाटतं?” वर्ग खदखदून हसला. तो मुलगा पुन्हा वर्षभर बोलला नाही.

निवाड्यात ना वादळ होते, ना मैल. जहाज बंदरात होते. सावरकर किनाऱ्यास लागले, धावले; पाठलाग झाला, आणि काही मिनिटांतच एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरून जहाजावरच्या पोलिसांच्या हवाली केले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने हे गैर झाल्याचे मान्य केले, पण त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरवले. तोवर इकडे दोन जन्मठेपा ठोठावून झाल्या होत्या.

जुन्या बंदराच्या उत्तरेकडे आगबोटींचे धक्के आहेत. तिथे उभा राहिलो. मला तरी कुठे पाटी दिसली नाही. खाली पाणी अगदी शांत होते. त्या काही मिनिटांत एक माणूस परक्या भूमीच्या कायद्यावर विश्वास टाकून धावला आणि फसवला गेला. एवढी खरी गोष्ट माझ्या हाती असताना मला मैल जोडावेसे का वाटले? ड्यूमाने निदान कादंबरी म्हणून लिहिली. मी इतिहास म्हणून सांगत होतो.

परत आल्यावर जुन्या हजेरीपटातून त्या मुलाचे नाव शोधून काढले. आता तो दोन मुलांचा बाप आहे. फोनवर म्हणालो, “अरे, मैल नव्हते. तुझंच बरोबर होतं.” तो क्षणभर गप्प राहिला; मग म्हणाला, “सर, तुम्हांला अजून आठवतं?”

यंदाच्या वर्गात मी ती उडी शिकवली. मैलांशिवाय. एवढी शांतता माझ्या तासाला पूर्वी कधी नव्हती.