उंदरांनी दिलेलं अर्धवट उत्तर

रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘आमची रसायनं उंदरांवर तपासलेली असतात. मग कॅन्सरची भीती कशाला?’ उत्तरासाठी विल्हेल्म ह्यूपर या संशोधकाची गोष्ट सांगायला हवी. मला तर निमित्तच हवं होतं.

१८९५ मध्ये फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांच्या लक्षात आलं, की मूत्राशयात गाठ झालेले त्यांचे काही रुग्ण एकाच धंद्यातले आहेत. फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणारे. (याच रेननी पुढच्या वर्षी जखमी हृदयाला टाके घालून रुग्ण वाचवला, इतिहासाने लक्षात ठेवलं ते तेवढंच.) संशय आधी अ‍ॅनिलीनवर गेला. पुढे बोट वळलं ते रंगधंद्यातल्याच बीटा-नॅफ्थिलअमीन आणि बेन्झिडीन या अमीन रसायनांकडे. पण उंदीर-सशांना ही रसायनं देऊन पाहिली, तर त्यांची मूत्राशयं ठणठणीत!

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत ह्यूपर यांनी उंदीर बाजूला ठेवले आणि कुत्रे घेतले. बीटा-नॅफ्थिलअमीन रोज पोटात गेलेल्या कुत्र्यांना अगदी कामगारांसारख्याच गाठी झाल्या. त्याच सुमारास ते कंपनीचा न्यू जर्सीतला कारखाना बघायला गेले. सगळं लखलखीत. त्यांनी कौतुक केलं, तर फोरमन सहज बोलून गेला, की तुमच्यासाठी रात्रभर साफसफाई चालली होती. ह्यूपर तडक, न कळवता, बेन्झिडीनच्या विभागात गेले. तिथे रस्त्यावर, खिडक्यांच्या कठड्यांवर, सगळीकडे पांढरी पूड पसरलेली. त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्यानंतर त्यांना कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. कुत्र्यांवरचा निबंध १९३८ मध्ये छापून आला, तोवर नोकरीही गेली होती. कंपनीने बीटा-नॅफ्थिलअमीनचं उत्पादन थांबवलं ते १९५५ मध्ये.

मग उंदीर वाचले कसे? यकृत म्हणजे शरीराचा जकात नाका. आलेल्या अमीनवर तिथल्या एका विकराने (एन्झाइमने) अ‍ॅसिटिलचा शिक्का मारला, की त्याचा उपद्रव बराच कमी होतो. शिक्का न बसलेला माल दुसऱ्या विकराच्या हाती लागतो, रूप बदलून लघवीत उतरतो आणि मूत्राशयाच्या अस्तरातल्या डीएनएला चिकटतो. उंदरांच्या नाक्यावर हा शिक्का असतो, कुत्र्यांच्या नाक्यावर तो नसतोच. माणसांत काहींचा शिक्का झरझर चालतो, काहींचा रेंगाळत. ब्रिटनमधल्या रंगकामगारांत रेंगाळणाऱ्यांनाच धोका जास्त आढळला. म्हणजे एकाच खात्यात, एकाच पाळीत काम करणाऱ्या दोघांचा धोकासुद्धा सारखा नसतो.

म्हणून ‘उंदरांवर तपासलंय’ एवढ्याने मी निर्धास्त होत नाही. किती काळ तपासलं, कुठल्या प्राण्यावर, आणि त्या प्राण्याचं यकृत त्या रसायनाचं काय करतं, हेही विचारायला हवं. भारतात बेन्झिडीनवर आधारित रंगांवर १९९३ पासून बंदी आहे. पण या गाठी संपर्कानंतर पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त वर्षांनी उगवतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो किंवा कंत्राट बदलून तिसरीकडेच गेलेला असतो. तेव्हा वाचक महाशय, लघवीतून रक्त गेलं, मग ते एकदाच का असेना आणि दुखत नसलं तरी, डॉक्टर गाठा आणि न विचारता सांगा : तरुणपणी मी कुठल्या खात्यात होतो, काय हाताळत होतो.