दाणेदार औषध आणि चुना-तंबाखूचा हात

फवारणीच्या धोक्याची जाणीव आता बरीच पसरली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून पाठीवर पंप घेणारा निदान तोंडाला रुमाल तरी बांधतो. दाणेदार औषधाची मात्र कोणाला धास्ती वाटत नाही. ते वाळूसारखे दिसते आणि तुषारांसारखे वाऱ्यावर उडत नाही.

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात, भीमा आणि घोड नदीच्या काठी, हुमणी व खोडकिडीसाठी असे दाणे सरीत किंवा बांधणीच्या वेळी मातीआड केले जातात. पूर्वी मजूर ते घमेल्यातून मुठीने टाकत. आता ट्रॅक्टरमागच्या पेटीतून नळीवाटे ते थेट फणामागे पाडता येतात. हा बदल आरोग्याच्या दृष्टीने चांगलाच आहे, पण यंत्र आले म्हणून हात सुटला असे नाही. पेटी चालू असताना चालकाचा दाण्यांशी संबंध जवळजवळ येत नाही. तो येतो पेटी भरताना, नळी तुंबल्यावर आणि उरलेला माल काढताना.

कार्बोफ्युरॉनचे ३ टक्के दाणे घ्या. ३ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. पण ५० किलोच्या पेटीत दीड किलो निव्वळ विष असते आणि ५० ग्रॅमच्या मुठीत दीड ग्रॅम. एवढे पोटात गेले तर धडधाकट माणसाच्या जिवावर बेतू शकते. हे विष त्वचेतून तुलनेने कमी शिरते. तोंडावाटे आणि श्वासावाटे मात्र झपाट्याने. म्हणूनच खरी भीती आहे ती भरणी झाल्यावर त्याच तळहातावर चुना-तंबाखू मळण्याची. विडी, चहा, भाकरी यांचेही तेच.

वाहतुकीत दाणे घासून पिशवीच्या तळाशी भुकटी जमते. पिशवी उंचावरून उलटी केली की ती तोंडावर येते. पिशवी कात्रीने कापावी, तोंड पेटीच्या अगदी जवळ न्यावे आणि वाऱ्याकडे पाठ करून सावकाश ओतावे. हातात लांब रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्या, पायात गमबूट आणि पँट बुटाच्या बाहेर हवी. ती आत खोचली तर दाणे बुटात साचतात. रुमालाने भुकटी अडत नाही. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेला एन-९५ मास्क इथे उपयोगी पडतो. पण वेष्टनावर याहून जास्त संरक्षण सांगितले असेल तर तेच पाळावे. मजुराला ही साधने देणे ही मालकाची जबाबदारी आहे. तसे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे.

नळी तुंबली की तोंडाने फुंकर मारायची सवय आहे. ती जीवघेणी आहे. ट्रॅक्टर बंद करून, मोजे घालून, तारेने किंवा काडीने नळी मोकळी करावी. पेटीकडे लक्ष ठेवायला मागे कोणाला उभे करू नये. धूळ त्याच्याच नाकात जाते आणि पडला तर फणाखाली जाण्याचा धोका वेगळाच. बांधाशी वळण्याआधी दाणे बंद करावेत, नाहीतर तिथे ढीग पडतो आणि मोर, कोंबड्या, शेळ्या तो टिपतात. सांडलेले लगेच मातीआड करावे. रिकाम्या पिशव्यांत धान्य किंवा पेंड भरू नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत, तेही मोजे घालून. कित्येकदा शेतात पाऊलही न ठेवलेल्या घरातल्या बाईला त्रास होतो तो या धुण्यातून.

फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ते त्वचेतूनही सहज शिरते. कोठीच्या कोपऱ्यात जुनी पिशवी सापडली तर ‘संपवून टाकू’ म्हणून वापरू नका; कृषी विभागाला कळवा.

फोरेट आणि कार्बोफ्युरॉन शरीरातले एकच विकर अडवतात. मग मज्जातंतूंचा संदेश थांबतच नाही. घाम, लाळ, उलटी, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वासाला अडथळा. सुरुवातीला हे ऊन लागल्यासारखे वाटते. पण काम दाणेदार औषधाचे असेल आणि तोंडाला पाणी सुटत असेल, तर उन्हाला दोष देत बसू नये. माणसाला तिथून हलवा, कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. मदत करणाऱ्यानेही मोजे घालावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, दूधही नको. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवून १०८ ला फोन करा.

आणि पिशवी सोबत न्या, निदान मोबाईलवर तिचा फोटो तरी. दाण्याचा रंग सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. वरील दोन विषांवर अ‍ॅट्रोपिन लागते. फिप्रोनिलचे दाणे असतील तर झटके येऊ शकतात आणि तिथे अ‍ॅट्रोपिन हा उतारा नव्हे. फोरेटसारख्या ऑरगॅनोफॉस्फेटच्या बाधेत तर रुग्ण सुधारल्यावर एक ते चार दिवसांत मान उचलता येईनाशी होते आणि श्वासाचे स्नायू थकतात. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून नातेवाईक सही करून घरी नेतात, ते नेमके याच दिवसांत.